तुम्ही विचारलंत म्हणून: हा फॉल्ट गळतो का?

सेस्मिक छेदावर, म्हणजे ध्वनिलहरींनी काढलेल्या भूगर्भाच्या उभ्या चित्रावर, समुद्रतळाखाली एक तिरकी रेघ दिसते. ती फॉल्ट: थर तुटून एकमेकांवरून सरकलेत ती जागा. तिच्या माथ्याशी वायूची चमक दिसते आणि प्रश्न येतो: ‘हा फॉल्ट गळतो का? हो की नाही, तेवढंच सांगा.’ मी ‘कुठल्या दिशेने आणि किती दाबाला?’ असं उलट विचारलं की समोरच्याला वाटतं, हा टाळतोय. टाळत नाही. फॉल्टला नळ समजून विचारलेल्या प्रश्नाला खरं उत्तरच नसतं.

फॉल्टच्या मध्यभागी दळलेल्या, फासलेल्या चिकणमातीचा गाभा असतो आणि दोन्ही अंगांना तडकलेला पट्टा. गाभा आडवा प्रवाह अडवतो, तडकलेला पट्टा उभा प्रवाह वर नेतो. दोन्ही एकाच वेळी, एकाच फॉल्टमध्ये. तेल-वायूवाल्यांचा एक ठोकताळा आहे: एखाद्या बिंदूवरून सरकून गेलेल्या थरांत चिकणमाती 15 ते 20 टक्क्यांच्या वर असेल, तर आडवा प्रवाह बहुधा अडतो. तो आकडा आडव्या प्रवाहापुरताच आहे. उभ्या गळतीची हमी म्हणून तो बिनधास्त वापरला जातो, तेव्हा माझा आवाज चढतो, हे मान्य.

त्यातही समुद्रतळालगतचा गाळ मऊ. त्यात पडलेली भेग उघडी राहत नाही, मिटते. ती उघडते पाण्याचा किंवा वायूचा दाब तिथल्या सर्वांत कमी ताणाला गाठतो तेव्हा, आणि दाब उतरला की पुन्हा मिटते. वर कितीही खोल समुद्र असला तरी ही सवलत, म्हणजे भेग उघडेपर्यंत सोसता येणारा जादा दाब, वाढत नाही, कारण समुद्राचं वजन छिद्रांतल्या पाण्यावर आणि गाळावर सारखंच येतं. हिशेबात धरायचं ते फक्त तळाखालच्या गाळाचं पाण्यात उरणारं वजन.

हे ज्यांना कागदी वाटतं त्यांनी कॅलिफोर्नियाजवळच्या सँटा बार्बरा खाडीतलं 28 जानेवारी 1969 चं प्रकरण बघावं. पाण्याची खोली सुमारे 57 मीटर. तेलाची विहीर तळाखाली हजार मीटरहून जास्त खोल गेलेली, पण नियमातून सूट घेऊन केसिंग (भोकाच्या भिंतीला आधार देणारा पोलादी पाइप) उतरवलेलं जेमतेम 73 मीटर. त्याखाली उघडं भोक. ड्रिल पाइप वर काढत असताना ड्रिलिंगसाठी भोकात भरलेला चिखल आणि वायू उसळला. माणसांनी पाइप भोकात सोडून दिला आणि ब्लाइंड रॅम (विहिरीचं तोंड पूर्ण बंद करणाऱ्या पोलादी झडपा) मिटवले. विहिरीचं तोंड बंद झालं. थोड्याच वेळात प्लॅटफॉर्मपासून काही अंतरावर समुद्राला उकळी आल्यासारखे बुडबुडे दिसू लागले: तेल-वायू तळातल्या भेगांतून वर येत होता.

आता हिशेब करा. केसिंगच्या टोकाशी पाण्याचा साधा दाब सुमारे 1.3 मेगापास्कल. वरच्या पाण्याचं आणि गाळाचं एकूण वजन ढोबळमानाने 2. म्हणजे सवलत पाऊण मेगापास्कलही नाही. हजार मीटर खालचा साधा पाण्याचा दाबच दहाच्या आसपास असतो, आणि वायूचा स्तंभ हलका असल्यामुळे तो दाब फारसा न घटता वर पोचतो. तोंड मिटल्यावर त्याला फक्त बाजूची वाट उरली. विहीर आटोक्यात आणायला अकरा-एक दिवस लागले. तळातली गळती त्यानंतरही कित्येक महिने चालूच राहिली.

मग गळतीला जबाबदार कोण, फॉल्ट की केसिंग? पूर्वी मी ठामपणे केसिंग म्हणायचो. आज तितका ठाम नाही. त्या खाडीत नैसर्गिक झरे आधीपासून आहेत, म्हणजे वाटा होत्याच. पण त्या वाटांनी इतकं तेल एकदम वर आलं ते दाब तिथे नेऊन सोडला म्हणून. दोन्ही बाजूंनी बोलता येतं आणि मी अजूनही बोलतो.

‘मग मोजून सांगा,’ हा पुढचा हट्ट. मोजतो. ड्रिलिंगमधून वर काढलेल्या गाळाच्या नळकांडी नमुन्याचा तुकडा कापायचा, बाहेरचा थर खरवडून टाकायचा, दाबयंत्रात पिळायचा, निघालेलं पाणी गाळायचं आणि क्लोराइड, म्हणजे मिठाचा अंश, बघायचं. समुद्राच्या पाण्यात ते लिटरला सुमारे 559 मिलिमोल. फॉल्टपाशी ते घटलेलं दिसलं, तर खोलवर 60 ते 150 अंश सेल्सिअसला स्मेक्टाइट या पाणी धरणाऱ्या चिकणमाती-खनिजाचं इलाइट हे दुसरं खनिज होताना सुटलेलं गोडं पाणी वर आलं असावं. बार्बाडोसजवळ एक भूपट्ट दुसऱ्याखाली सरकतो त्या जवळजवळ आडव्या फॉल्टवर 1986 च्या ड्रिलिंगमध्ये असंच घटलेलं क्लोराइड सापडलं.

पण गॅस हायड्रेट (मिथेन कोंडलेला बर्फासारखा पदार्थ) वितळूनही क्लोराइड घटतं. म्हणून आयसोटोप, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे हलके-जड अणू, बघायचे: दोन्ही पाण्यांत जड ऑक्सिजन वाढतो, मात्र जड हायड्रोजन हायड्रेटच्या पाण्यात वाढतो आणि चिकणमातीच्या पाण्यात घटतो. आणि त्याआधी सल्फेट. मिथेन सुरू होतो त्या पातळीखाली सल्फेट शून्य असायला हवं. तिथे 2 मिलिमोल निघालं, तर समुद्राच्या 28 च्या हिशेबाने नमुन्यात सात टक्के ड्रिलिंगसाठी वापरलेलं समुद्राचं पाणी शिरलंय. ते वजा न करता काढलेला प्रवाहाचा वेग कचऱ्यात टाकावा.

इतकं करूनही ‘आज गळतो का’ याचं उत्तर क्लोराइड देत नाही. प्रवाह थांबल्यावर दहा मीटर जाडीची खूण नुसत्या विसरणाने पुसली जायला दहा हजार वर्षांच्या घरात लागतात. आजचं विचारायचं असेल, तर विहीर सील करून दाबमापक आत ठेवायचा आणि काही वर्षं वाट बघायची. त्याचा खर्च सांगितला की ‘हो की नाही’ म्हणणारे गप्प होतात.