मोठी सेडान: मागे बसणार की स्टिअरिंग धरणार?

मोठ्या सेडानचे दिवस संपले, असं म्हणणारा बहुतेक वेळा एसयूव्हीच्या पुढच्या सीटवरून बोलत असतो. समृद्धीवरून नागपूरला जाताना मागच्या सीटवर बसून बघा. ७०१ किलोमीटर, वेगमर्यादा १२०, आणि खाली काँक्रीट. काँक्रीटवर टायरची घरघर डांबरापेक्षा जास्त. एसयूव्हीत डिकी आणि केबिन एकच खोली, त्यामुळे तो आवाज मागून थेट कानात. सेडानची डिकी सीटच्या पाठीमागे बंद असते. शिवाय मर्सिडीजच्या डब्ल्यू२२२ पिढीच्या एस-क्लासचा लांब व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर, ३१६५ मिलिमीटर. मागचा माणूस मागच्या चाकाच्या बराच पुढे बसतो, आणि गाडी झोके कमी खाते.

पण स्वतः चालवणार असाल तर सरळ मर्सिडीजच्याच लहान ई-क्लासच्या आकारावर थांबा. हीच एस-क्लास जवळपास सव्वापाच मीटर लांब. मुंबईच्या विकास नियमावलीत मोठ्या गाडीची जागा साडेपाच मीटरची, लहान गाडीची साडेचार. तुमच्या वाट्याला कुठली आलीय ते टेप लावून मोजा. स्टॅक पार्किंग, म्हणजे गाडीवर गाडी ठेवायची यांत्रिक सोय, असेल तर लांबीइतकीच वजनाची मर्यादाही बघा. ही गाडी दोन टनांच्या आसपास भरते.

खरी गंमत जुन्या गाडीत आहे. किंमत बघून लोक भुलतात आणि एअर सस्पेन्शनचं, म्हणजे स्प्रिंगऐवजी गाडी पेलणाऱ्या हवेच्या फुग्यांचं, बिल बघून भानावर येतात. तपासणी अवघड नाही. गाडी रात्रभर सपाट जागेवर उभी करायला सांगा. सकाळी दार उघडायच्या आधी प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंत अंतर मोजा. दार उघडलं की सिस्टिम जागी होऊन उंची सावरायला लागते, मग मोजून उपयोग नाही. डाव्या-उजव्या बाजूचे आकडे जुळले पाहिजेत. एकच कोपरा बसला असेल तर तिथला एअर बलून किंवा त्याचा जॉइंट गळतोय, असं आधी धरायचं. पुढची किंवा मागची जोडीच बसली असेल तर फुग्यांना हवा वाटून देणाऱ्या व्हॉल्व ब्लॉकचाही संशय घ्या. साबणाचं पाणी मारलं की बुडबुडे जागा दाखवतात, विशेषतः रबराच्या घडीत.

गळती बारीक असली तरी हवा भरणाऱ्या कॉम्प्रेसरला सारखं पळावं लागतं. तो तापतो, त्याला चालू-बंद करणारा विजेचा स्विच म्हणजे रिले चिकटतो, आणि मग कॉम्प्रेसर थांबतच नाही, जळतो. म्हणून गळती आधी, कॉम्प्रेसर नंतर, आणि त्यासोबत नवा रिले. अनेक गॅरेजवाले फक्त कॉम्प्रेसर बदलून मोकळे होतात. तो नवाही त्याच वाटेने जातो. बसलेली गाडी ओढत चालवू नका, रबर घडीतच फाटतं.

मोठ्या रिमची आणि पातळ टायरची हौस तर अजिबात नको. २४५/५० आर१८ मापाच्या टायरची कड (रिमपासून रस्त्यापर्यंतचं रबर) साधारण १२२ मिलिमीटर उंच, २४५/४० आर२० ची ९८. खड्ड्यात रिम वाचवते ती हीच कड. अरुंद, उंच गतिरोधकावर आधी बटणाने गाडी उचला, मग तिरकी घालून एकेक चाक चढवा.

दिल्लीची जुनी डिझेल गाडी तिथल्या निर्बंधांमुळे स्वस्त दिसते. त्यात इथला रोड टॅक्स मिळवून मगच भाव करा, आणि आरटीओची एनओसी हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.