तुम्ही विचारलंत म्हणून: अण्णा, तुम्हाला एवढी थंडी का वाजते?

लग्नात भेटले, बाजार समितीत भेटले, दवाखान्याच्या बाकावर शेजारी बसले तरी लोक मला हेच विचारतात, की अण्णा तुम्ही तर निफाडचे, सगळा जन्म थंडीत गेला, मग आता दिवाळी झाली की लगेच कानटोपी अन् दोन-दोन स्वेटर कशाला, आणि हार्टचा त्रास असताना इथल्या थंडीत राहता तरी कसे. एरवी मी दोन शब्दांत सांगून मोकळा होतो. पण मागच्या आठवड्यात विचारणारा पोरगा चाळिशीचा पण नव्हता, नुकताच स्टेंट टाकून घरी आलेला, आणि थंडी वाजते म्हणजे आपण नाजूक झालो असं त्याला वाटत होतं, कोणाला सांगायची लाज वाटत होती. म्हणून जरा नीट लिहितो.

मला २०१९ च्या नोव्हेंबरात अटॅक आला. दोन स्टेंट पडले, टू-डी इकोत, म्हणजे हार्टच्या सोनोग्राफीत, पंपिंग ३५ टक्के निघालं, चांगल्या हार्टचं ५५ च्या वर असतं. दीड महिना घरात बसून काढला आणि जानेवारीत थंडीची लाट आली. आमच्याकडे पारा ५-६ अंशांवर आला की द्राक्षबागवाल्याला झोप नसते, पाणी उतरलेले द्राक्षाचे मणी पहाटेच्या गारठ्यात तडकतात, वर्षाचं पीक डोळ्यांदेखत जातं, म्हणून रात्री तीनला उठून ठिबक चालू करायचं आणि बागेत जागोजागी शेकोट्या पेटवायच्या. तीस वर्षं हेच केलेलं. त्या पहाटे मुलगा एकटाच गेला म्हणून मला राहवेना, चहासुद्धा न घेता मागोमाग गेलो, छाटणीच्या काड्यांचे भारे ओढायला लागलो आणि तिसऱ्या ओळीत छातीवर कोणीतरी पाटा ठेवल्यासारखं झालं, जबडा दुखायला लागला, हाताची बोटं पांढरीफटक. खाली बसलो, खिशातली सॉर्बिट्रेट, छातीत दुखलं की घ्यायची गोळी, जिभेखाली ठेवली. नशिबाने तेवढ्यावर थांबलं. पाच मिनिटांत थांबलं नसतं तर १०८ ला फोन करायचा, हे मुलाला माहीत होतं, तुमच्याही घरात सगळ्यांना माहीत असू द्या.

डॉक्टरांनी मला माझ्याच भाषेत सांगितलं. म्हणाले, मोटर चालू आहे आणि तुम्ही ठिबकचे निम्मे व्हॉल्व्ह बंद केले तर दाबाच्या गेजचा काटा कुठे जातो? वर जातो. थंडीत शरीर तेच करतं, आतली ऊब बाहेर जाऊ नये म्हणून कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, बीपी वाढतं, आणि हार्टला त्या दाबाविरुद्ध रक्त ढकलावं लागतं. मोटर दमदार असेल तर निभावतं. तुमची आधीच ३५ वर, त्यात पहाटेची वेळ, अंगमेहनत आणि वर शेकोटीचा धूर.

हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. डिस्चार्जच्या वेळी तेल-तूप, मीठ, तंबाखू सगळ्यावर बोलणं झालं, थंडीवर एक शब्द नाही. याचं मला आजही वाईट वाटतं, कारण आमच्या तालुक्यात बाग असलेला प्रत्येक पेशंट जानेवारीत पहाटे बाहेर जाणारच ना.

आता थंडी का वाजते ते. सगळे म्हणतात रक्त पातळ करायच्या गोळीमुळे. मला पण तसंच वाटायचं आणि एकदा मी ती गोळी चार दिवस बंद ठेवली होती, फार मोठी चूक, स्टेंट असताना तसं केलं तर गुठळी होऊन जीव जाऊ शकतो. ती गोळी रक्त पाण्यासारखं करत नाही, गुठळी होऊ देत नाही एवढंच. माझे हातपाय गार पडायला मुख्य कारण दुसरीच गोळी निघाली, मेटोप्रोलोल, बीटा ब्लॉकर म्हणतात त्यातली, तिचा हा ओळखीचा साइड इफेक्ट आहे. ती पण आपल्या मनाने सोडायची नाही, डॉक्टरांना सांगायचं. आणि पंपिंग कमी असलं की शरीर रक्त आधी महत्त्वाच्या अवयवांना देतं, हातापायांचा नंबर शेवटी.

पण माझ्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती आणि ती सापडायला दोन हिवाळे गेले. हिमोग्लोबिन ९.८, शरीरातलं लोह पार संपलेलं. हार्टच्या पेशंटमध्ये लोहाची कमतरता बऱ्याच जणांना असते, थकवा आणि थंडी दोन्ही त्याने वाढतं, आणि आपण सगळं हार्टच्या नावावर टाकून गप्प बसतो. मला सलाईनमधून लोह दिलं, महिना-दीड महिन्यात फरक पडला. थायरॉइड पण तपासा, ॲमिओडॅरोन, म्हणजे हार्टचे ठोके नीट ठेवायची गोळी, चालू असेल तर नक्कीच, त्या गोळीने थायरॉइड बिघडू शकतं. आणि एकच पाय अचानक गार पडला, दुखतोय, रंग बदललाय तर ती थंडी नव्हे, त्याच घडीला दवाखाना गाठायचा.

घरात मी काय करतो म्हणाल तर साधंच आहे. स्वेटर, मोजे रात्रीच गोधडीत घेऊन झोपतो, सकाळी आतल्या आत घालायचे, पलंगाच्या काठावर दोन मिनिटं बसायचं मग उठायचं. फिरायला ऊन वर आल्यावर, दहाच्या सुमाराला, वारा असेल तर तोंडावर मफलर. अंघोळ दुपारी. गरम पाण्याची पिशवी पायाला लावत नाही कारण मला शुगर पण आहे, तळपायाला कळत नाही, एकदा भाजून फोड आला होता तो भरायला दोन महिने लागले. बंद खोलीत शेगडी तर अजिबात नाही, तिच्यातून निघणाऱ्या विषारी गॅसने झोपलेला माणूस उठत नाही.

काढ्याचं मात्र मुद्दाम सांगतो कारण इथे प्रेमापोटी गडबड होते. मला दिवसाला दीड लिटर पाण्याची मर्यादा आहे, थंडीत येणारा-जाणारा चहा नाहीतर काढा हातात देतो आणि तो सगळा त्याच दीड लिटरात धरायचा, नाहीतर पायावर सूज येते. काढ्यात ज्येष्ठमध असेल तर मी घेतच नाही, त्याने बीपी वाढतं आणि पोटॅशियम कमी होतं, लघवीची गोळी चालू असणाऱ्याला ते जास्त बाधतं. सर्दीची गोळी मेडिकलमधून आपली आपण आणायची नाही, बऱ्याच गोळ्यांत नाक मोकळं करणारं औषध असतं ते बीपी वाढवतं. अंगदुखीच्या गोळीचं पण तसंच, विचारूनच. आणि घोटभर घेतली की ऊब येते म्हणतात ना, ती ऊब कातडीला येते, आतली उष्णता उलट बाहेर जाते.

बागेत आता मुलगा आणि सूनबाई जातात. मला सुरुवातीला हे फार जड गेलं, पहाटे तीनला जाग यायचीच, बाहेर धुराचा वास यायचा आणि मी आत झोपून, मनाला लागायचं. मग आम्ही वाटून घेतलं. थर्मामीटर बागेच्या मध्ये टांगलाय, सूनबाई दर अर्ध्या तासाने फोनवर आकडा सांगते, मी वहीत लिहितो आणि ठिबक कधी चालू करायचं, वाऱ्याकडून कुठली शेकोटी आधी पेटवायची ते सांगतो. गेल्या हिवाळ्यात एक पण ओळ तडकली नाही. फोन ठेवायच्या आधी ती दरवेळी विचारते, अण्णा, मोजे घातलेत ना.