कोचीचा जुना किनारा: फोर्ट कोची ते मट्टनचेरी, पायी आणि पाण्यावरून

एर्नाकुलम जंक्शनला उतरलात की रिक्षावाले थेट फोर्ट कोचीचं भाडं सांगतील. पुलांवरून रस्ता जातो, पण तो घेऊ नका. बॅगा कितीही जड असोत, रिक्षा फक्त बोट जेट्टीपर्यंत करा आणि पुढे बोटीने जा. हे गाव पाण्यामुळे वसलं आणि पाण्यावरूनच ते नीट कळतं.

आम्ही दोघी होतो, मी आणि माझी आत्या. ती रत्नागिरीला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. निवृत्त झाल्यापासून तिच्या मनात कोची होतं. पर्समध्ये घडी घातलेला एक छापील कागद होता, त्याबद्दल पुढे सांगते. नेत्रावती एक्सप्रेसने संध्याकाळी रत्नागिरी सोडली आणि दुसऱ्या दिवशी एर्नाकुलमला पोचलो. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक बदलतं, तेव्हा तिकीट काढताना ते बघून घ्या. आम्ही जानेवारीत गेलो आणि तरीही अकरानंतर ऊन सोसवत नव्हतं.

एर्नाकुलमहून दोन प्रकारच्या बोटी आहेत. एक केरळच्या जलवाहतूक खात्याची जुनी फेरी, भाडं अगदी किरकोळ. दुसरी वॉटर मेट्रो, 2023 साली सुरू झालेली, विजेवर चालणारी, वातानुकूलित. मेट्रो उत्तम आहे, पण तिच्या काचा बंद असतात. म्हणून जाताना जुन्या फेरीने जा, वाऱ्याला बसा आणि दमून परतताना मेट्रो घ्या. फेरीत डाव्या हाताला बसलात तर विलिंग्डन बेट दिसतं. हे बेट माणसाने केलेलं आहे. रॉबर्ट ब्रिस्टो नावाचा इंजिनिअर 1920 मध्ये इथे आला. खाडीच्या मुखाशी वाळूचा आडवा दांडा होता, त्यामुळे मोठी जहाजं बाहेरच नांगर टाकत. त्याने तो खणून काढला आणि निघालेला गाळ टाकून हे बेट उभं राहिलं. उजवीकडे वल्लारपाडमच्या कंटेनर धक्क्याच्या क्रेन दिसतात. बंदर असं सरकत सरकत गेलं आहे. त्याआधीचं सगळं, म्हणजे मसाल्याचं बंदर, समोरच्या काठावर आहे.

हे बंदर मुळात पुराने दिलं असं मानतात. 1341 मध्ये पेरियार नदीला मोठा पूर आला, उत्तरेकडचं मुझिरिस बंदर गाळाने भरलं आणि कोचीचं मुख मोकळं झालं. मग अरब, चिनी, पोर्तुगीज, 1663 मध्ये डच, 1795 मध्ये इंग्रज. ज्याला मिरी हवी होती तो इथे आला.

फोर्ट कोचीला उतरल्यावर राहायला घरगुती होमस्टे भरपूर आहेत. रोझ स्ट्रीट, बर्गर स्ट्रीट आणि आजूबाजूच्या गल्ल्यांत शोधा, पण खिडक्यांना जाळी आहे का हे आधी विचारा. कोचीचे डास फार वाईट आहेत. ओडोमॉस घरूनच आणा.

चिनी जाळी, मल्याळममध्ये चीनवला, बघायला सगळे सूर्यास्ताला जातात. आम्ही पहाटे सहाला गेलो. तेव्हा किनाऱ्यावर कोळी, मांजरं आणि आम्ही दोघीच. लाकडी सांगाड्याच्या एका टोकाला प्रचंड जाळं, दुसऱ्या टोकाला दोरांना बांधलेले धोंडे. चार-पाच माणसं दोर ओढतात, धोंडे एकामागून एक जमिनीला टेकतात आणि पलीकडे जाळं पाण्यातून वर येतं. काही मिनिटं बुडवायचं, पुन्हा उचलायचं. आम्ही सात-आठ वेळा पाहिलं, दर खेपेला ओंजळभर मासळी. तुम्हालाही दोर ओढायला बोलावतील. त्यानंतर पैशांची अपेक्षा असते आणि ती रास्तच आहे, कारण नुसत्या मासळीवर त्यांचं भागणं कठीण आहे. शेजारच्या टपऱ्यांवर मासा घेऊन शिजवून घेणार असाल, तर वजन, भाव आणि शिजवणावळ तिन्ही आधी ठरवा.

सेंट फ्रान्सिस चर्च तिथून चालत पाच मिनिटांवर आहे. वास्को द गामा 1524 च्या 24 डिसेंबरला कोचीत वारला आणि याच चर्चमध्ये त्याला पुरलं. पुढे अवशेष पोर्तुगालला नेले, थडग्याची शिळा राहिली. छताला टांगलेले दोरीने ओढायचे जुने पंखे जरूर बघा. सांताक्रूझ बॅसिलिका जवळच आहे, वेळ असेल तर डोकावा. आम्ही फार थांबलो नाही, कारण माझं मन बाजार रोडवर होतं.

बाजार रोड फोर्ट कोचीच्या कल्वत्तीपासून किनाऱ्याला धरून मट्टनचेरीपर्यंत जातो. दोन-अडीच किलोमीटरचा रस्ता आहे. बहुतेक लोक तो रिक्षातून दहा मिनिटांत संपवतात, त्याची मला फार हळहळ वाटते. सकाळी नऊच्या सुमारास पायी निघा. दोन्ही बाजूंना कौलारू वखारी, जाड लाकडी दारं, रंग उडालेल्या भिंती. पाण्याच्या बाजूच्या वखारींची रचना समजून घ्या: पुढचं दार रस्त्यावर, मध्ये अंगण, मागचं दार थेट पाण्यावर. होडी मागच्या दाराला लागायची, पोती अंगणातून पुढे यायची. आता माल ट्रकने येतो, मागची दारं बहुधा बंद असतात. पण एखादं उघडं दिसलं तर अंधाऱ्या वखारीच्या पार टोकाला पाण्याचा चौकोन चमकतो. मी चार ठिकाणी तो पाहिला आणि चारही वेळा पाय थबकले.

वास बदलत जातो. आधी तांदूळ आणि कांदा, मग सुंठ, मग मिरी. एका अंगणात सुंठ पसरलेली होती आणि बायका ती चाळत होत्या. आत्या वाकून बघू लागली तसा एका बाईने एक तुकडा तिच्या हातावर ठेवला. आत्याने तो नखाने खरवडला, वास घेतला, मान डोलावली. बाई हसली. एकमेकींची भाषा दोघींनाही येत नव्हती. आत शिरण्याआधी मात्र विचारा आणि हमालांच्या वाटेत उभं राहून फोटो काढू नका. डोक्यावर पोतं असलेल्या माणसाला थांबणं जड जातं.

हमालांविषयी एक गोष्ट या रस्त्यावर चालताना माहीत असावी. कोचीच्या बंदरात पूर्वी 'चाप्पा' पद्धत होती. कामाला जमलेल्या गर्दीत धातूचे बिल्ले फेकायचे, ज्याच्या हाती बिल्ला लागेल त्याला त्या दिवशी काम. भुकेली माणसं एका बिल्ल्यासाठी एकमेकांना तुडवत. त्याविरुद्ध कामगार उभे राहिले आणि 1953 च्या सप्टेंबरमध्ये मट्टनचेरीत पोलिसांच्या गोळीबारात माणसं मेली. मिरीच्या श्रीमंतीबद्दल वाचताना हेही लक्षात ठेवा.

मसाले घ्यायचे तर इथल्याच दुकानांत घ्या. पुढे सिनेगॉगजवळच्या ज्यू टाऊनमध्ये तेच महाग मिळतात.

आता वारांचं बघा, कारण इथे बऱ्याच जणांची फसगत होते. मट्टनचेरीचा राजवाडा शुक्रवारी बंद असतो. 'परदेशी सिनेगॉग' हे ज्यूंचं प्रार्थनास्थळ शुक्रवारी दुपारनंतर आणि शनिवारी बंद, शिवाय ज्यूंच्या सणांना बंद. आमच्याच होमस्टेमधलं नागपूरचं कुटुंब शुक्रवार-शनिवार धरून आलं होतं आणि सिनेगॉग न बघता परतलं. रविवार ते गुरुवार यातले दोन पूर्ण दिवस ठेवा. सिनेगॉग दुपारी मध्येच बंद होतं, म्हणून सकाळीच गाठा. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घाला.

राजवाड्याला डच पॅलेस म्हणतात, पण तो पोर्तुगीजांनी 1555 च्या सुमारास कोचीच्या राजासाठी बांधला, डचांनी फक्त दुरुस्त केला. बाहेरून साधा वाटतो. आत भिंतींवर रामायणाची चित्रं आहेत, गेरूच्या लाल-पिवळ्या रंगांत भिंतभर माणसं. डोळे अंधाराला सरावू द्या, घाई करू नका. सिनेगॉग 1568 चं, शेजारचा घड्याळाचा मनोरा 1760 चा. जमिनीवर चीनहून आणलेल्या निळ्या-पांढऱ्या फरशा आहेत, हाताने रंगवलेल्या. इथले ज्यू जवळजवळ सगळे इस्रायलला गेले. आपल्या कोकणातल्या बेने इस्रायल ज्यूंना हिब्रू प्रार्थना आणि विधी शिकवायला एकोणिसाव्या शतकात कोचीच्या ज्यू समाजातून शिक्षक आले होते. अलिबागकडच्या एखाद्या सिनेगॉगमध्ये गेला असाल तर इथे उभं राहिल्यावर तो धागा हाताशी लागतो.

एक सावधगिरीची गोष्ट. पहिल्या संध्याकाळी अगदी कमी पैशांत 'सगळं दाखवतो' म्हणणाऱ्या एका रिक्षात आम्ही बसलो. त्याने दोन ठिकाणं दाखवली आणि तीन मोठ्या दुकानांत नेलं. आत्याचा गुडघा दुखत होता, त्यात हा वेळ गेला. भाडं नेहमीपेक्षा फारच कमी सांगितलं तर 'दुकान नको' हे बसण्याआधीच स्पष्ट सांगा.

आणि आता चेरलाई. पर्यटकांच्या नकाशात ही वस्ती क्वचित असते. राजवाड्यापासून ती जवळ आहे, रिक्षाही मिळते. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जाचामुळे गोव्यातून निघालेली कोकणी कुटुंबं इथे वसली. मध्ये तिरुमल देवस्थान आहे. आम्ही पापडाच्या एका दुकानात पाणी मागितलं तर आतून आवाज आला, "उद्दाक हाड!" म्हणजे पाणी आण. आत्याने माझा हात दाबला. उदक!

मग तिने पर्समधला कागद काढला. 'हॉर्टस मलबारिकस' हा मलबारच्या वनस्पतींचा ग्रंथ डच गव्हर्नर व्हान ऱ्हेडे याने करवून घेतला, 1678 ते 1693 दरम्यान ॲमस्टरडॅमला बारा खंडांत छापला गेला. इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याबरोबर त्यात तीन कोकणी वैद्यांचा हात होता: रंगभट, विनायक पंडित आणि अप्पू भट. पहिल्या खंडात या तिघांनी 1675 साली दिलेलं प्रमाणपत्र आहे, कोकणी भाषेत आणि नागरी लिपीत. त्याच पानाची प्रत आत्या घेऊन आली होती.

दुकानातल्या आजोबांनी चष्मा लावला. अक्षरं जुन्या वळणाची, त्यामुळे एकेक शब्द जुळवत ते मोठ्याने वाचू लागले. अडलं की आत्या सुचवायची, तिचं अडलं की ते. आतून सूनबाई येऊन उभ्या राहिल्या. कुळथाच्या पिठापासून बाळंतकाढ्यापर्यंत बोलणं गेलं, अर्धं कोकणीत, अर्धं मराठीत. निघताना त्यांनी कागदाचा फोटो काढून घेतला आणि पापडाचे पैसे घेताना फार संकोचले.

चेरलाईला संध्याकाळी जा, दुपारी सगळं बंद असतं. देवळात जायचं तर पुरुषांनी धोतर किंवा लुंगी बरोबर ठेवावी आणि वेशाचे नियम दाराशी विचारून घ्यावेत. परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ मात्र सकाळीच धक्क्यावर विचारून ठेवा. आम्ही चेरलाईत रमलो आणि धक्क्यावर धावत पोचलो. बोटीत बसल्यावर आत्याने कागदाची घडी उलगडली. समासात आजोबांनी पेन्सिलने दोन शब्दांचे अर्थ लिहून दिले होते.