पांढरे राखणारा दोरा

नागोया स्थानकातून मेइतेत्सू रेल्वेने निघाले की साधारण वीस-पंचवीस मिनिटांत आरिमात्सू येते. स्थानकाबाहेर पडून दोन मिनिटे चालले, की एकदम जुन्या तोकाइदो मार्गावर आपण उभे असतो: जाड पांढऱ्या भिंतींची, काळ्या कौलांची व्यापाऱ्यांची घरे आणि त्यांच्या दारांवर वाऱ्याने हलणारे निळे-पांढरे पडदे. गेल्या हिवाळ्यापासून दर शनिवारी मी येथे शिबोरी शिकायला येते. घरून फोन आला की प्रश्न ठरलेला असतो, “म्हणजे आपली बांधणीच ना?” मूळ कल्पना तीच आहे हे खरे. कापडाचा काही भाग इतका घट्ट आवळायचा की रंग तेथे पोहोचूच नये. ‘शिबोरु’ या जपानी क्रियापदाचा अर्थच पिळणे, आवळणे असा आहे. परंतु येथे त्या एका कल्पनेला शंभराहून अधिक फाटे फुटले आहेत, आणि मी ज्या फाट्यावर अडकून पडले आहे तेथे आवळण्याचे काम सुई-दोरा करतो. त्याला नुई-शिबोरी म्हणतात.

आरिमात्सू हे गाव 1608 मध्ये वसवले गेले. आसपास शेतीला पुरेशी जमीन नव्हती आणि दारावरून मात्र एदो (आजचे टोकियो) आणि क्योतो यांच्यामधली सारी रहदारी जात होती. तेव्हा ताकेदा शोकुरो नावाच्या गावकऱ्याने वाटसरूंना विकण्यासाठी सुती हातरुमाल बांधून रंगवायला सुरुवात केली. ओवारी या इथल्या प्रांताच्या सरदारांनी या धंद्याला संरक्षण दिले आणि आरिमात्सूचे कापड वाटेवरची प्रसिद्ध खरेदी होऊन बसले. चित्रकार हिरोशिगेने तोकाइदोवरील मुक्कामांची जी चित्रमालिका केली, तिच्यातील नारुमी या शेजारच्या मुक्कामाच्या चित्रात ही दुकानेच दिसतात. गावात पूर्वीपासून एक रीत होती, की कारागीर बहुधा एकाच प्रकारात आयुष्य घालवीत असे. कोळिष्टकासारखी गाठ बांधणारा कारागीर तीच बांधत राही आणि शिवणारी बाई शिवतच राही. माझ्यासारख्या हौशी विद्यार्थिनीला सगळे थोडे थोडे शिकण्याची मुभा असते, याचे येथल्या जुन्या लोकांना थोडे हसू येत असावे, असे मला वाटते.

भिंतीवर टांगायच्या पहिल्या कापडासाठी मी ‘मोकुमे’ निवडले. मोकुमे म्हणजे लाकडाचे रेषे. टाका अगदी साधा, आपण गोधडीला घालतो तो धावदोराच. कापड किमोनोच्या थानाच्या रुंदीचे, सुमारे 37 सेंटीमीटर, आणि त्यावर एकेका सेंटीमीटरच्या अंतराने आडव्या 90 ओळी. येथे माझी पहिली फसगत झाली. मला रेषे उभे हवे होते, म्हणून मी ओळी उभ्या आखायला निघाले; तेव्हा सेन्सेईंनी, म्हणजे आमच्या सत्तरी ओलांडलेल्या बाईंनी, काही न बोलता माझी पट्टी आडवी फिरवली. दोरा ओढला की चुण्या दोऱ्याला काटकोनात पडतात, त्यामुळे उभ्या रेषांसाठी धावदोरा आडवाच हवा. दुसरी गोष्ट त्याहून उलटी. आयुष्यभर एकसारखा टाका घालण्याची शिस्त लावून घेतलेल्या हाताने येथे मुद्दाम बेशिस्त व्हावे लागते, कारण एका ओळीचे टाके वरच्या ओळीच्या टाक्यांखाली नेमके आले तर लाकडाऐवजी पन्हळी पत्रा दिसू लागतो. ओळी आखण्यासाठी पूर्वी आओबाना नावाच्या फुलाचा निळा रस वापरीत. पाण्यात बुडवताच त्याची खूण नाहीशी होते. आमच्या वर्गात त्याच गुणाचे कृत्रिम पेन असते.

नव्वद ओळी शिवून झाल्या की प्रत्येक ओळीची मोकळी टोके ओढायची. 37 सेंटीमीटरचे कापड तीन-चार बोटांएवढे होईपर्यंत ओढायचे आणि गाठ मारायची. सगळा खेळ या ओढण्यात आहे. दोरा बोटाला कापतो, सांध्याला रुततो, आणि आता पुरे असे वाटते त्या क्षणी सेन्सेई आणखी दोन बोटे कापड गोळा करून दाखवतात. दोरा दुहेरी घ्यावा, असे त्यांनी आधीच बजावले होते. दुहेरी दोरा जाड कापडातून जड जातो म्हणून मधल्या काही ओळी मी एकेरीच घातल्या, आणि त्रेपन्नावी ओळ ओढताना तो दोरा कापडाच्या मध्यावर तुटला. गाठ जोडायला टोकच हाती लागेना. शेजारच्या ओळी सांभाळून घेतील अशी आशा धरून मी ते तसेच सोडले.

नीळ येथे तोकुशिमाहून येते. ही वनस्पती आपल्या निळीची नव्हे. तिची पाने सुमारे शंभर दिवस ओलावून, उलथून कुजवतात आणि त्यातून मातीसारखा दिसणारा ‘सुकुमो’ तयार होतो. लाकडाच्या राखेचे पाणी, चुना आणि गव्हाचा कोंडा यांच्यासह तो रांजणात आंबवला, की आठवडा-दहा दिवसांनी वर जांभळट निळा फेस धरतो. त्याला नीळफूल म्हणतात आणि ते आले की रांजण कामाला तयार झाला असे समजतात. वास गोठ्यातल्या वासाच्या जवळचा आहे, हे सभ्यपणे सांगून ठेवते. कापड आधी साध्या पाण्यात पूर्ण भिजवून, मग रांजणात काही मिनिटे बुडवून बाहेर काढले, की ते पिवळट हिरवे असते. हवा लागताच पाहता पाहता निळे होते. एका बुडीत मिळते ती ‘कामेनोझोकी’, म्हणजे रांजणात नुसती डोकावून आलेली निळाई. मला गडद हवी होती, म्हणून मी आठ वेळा बुडवले.

नीळ आणि ही शिवण यांचे इतके का जुळते, हे मला दुसऱ्या एका कापडावर कळले. ते मी यशाबुशी या झाडाच्या बोंडांत उकळून तपकिरी केले आणि लोहाच्या पाण्याने करडे केले. बराच वेळ उकळताना रंग हळूहळू चुण्यांच्या आत शिरला आणि कडा मऊ झाल्या. निळीला उकळण्याची गरज नसते, रंगबंधकाचीही नसते. ती बाहेरच्या घड्यांवर पटकन बसते आणि आतले पांढरे ठसठशीत राहते. करड्या कापडालाही आपले सौंदर्य आहे, पण माझा कौल निळीला.

दोरे काढणे हे सर्वांत भीतीचे काम. दोराही कापडाइतकाच निळा झालेला असतो आणि चुणीत बुडालेला असतो, त्यामुळे बारीक कात्री गाठीवर आहे की कापडावर, हे डोळ्यांऐवजी बोटांनी ओळखावे लागते. माझा पहिला तास पाच-सहा ओळींतच गेला. मग कापड एका बाजूने सुटू लागले आणि घड्यांच्या आतून बारीक पांढरे रेषे उलगडत गेले, टाक्याच्या जागी सुईच्या टोकाएवढा ठिपका ठेवून. इतके दिवस मी निळा रंग देत होते असे मला वाटत होते. पण रंग रांजणाने दिला होता, माझे सगळे श्रम त्या पांढऱ्यात गेले होते.

अंगावरच्या कपड्यात उणे-अधिक झोळात लपते. भिंतीवर ते लपत नाही. कापडाच्या वर-खाली बांबूच्या काड्या घालून, ऊन थेट पडणार नाही अशा भिंतीवर ते टांगले, तेव्हा मध्याच्या जरा खाली दोन बोटे रुंदीचा निळा धूसर पट्टा स्पष्ट दिसला. लाकडात गाठ असावी तसा. सेन्सेई दारातूनच म्हणाल्या, “येथे एकेरी घेतला होतास.” मी मान हलवली. दुसऱ्या कापडाच्या ओळी आता आखून झाल्या आहेत आणि सुईत दोरा दुहेरी आहे.