‘लायरमान’ची नोंद: तिसरा महिना, लय ५४

मंडळी, ऑस्ट्रियन संगीतकार शुबर्टच्या ‘विंटरराइझ’ (हिवाळी प्रवास) या गीतमालेतलं चोविसावं, शेवटचं गाणं ‘डेर लायरमान’ (हर्डी-गर्डी वाजवणारा) आम्ही घरी ध्वनिमुद्रित करतोय. मी पियानोवर, मावसभाऊ गातो. त्याचा आवाज बॅरिटोन, म्हणजे मधल्या-खालच्या पट्टीचा. गेल्या वेळी जर्मन उच्चारांवर अडलो होतो. ते बऱ्यापैकी मार्गी लागलं, म्हणून ही नोंद लय आणि पट्टीची.

आधी पट्टी. छापील प्रतीत गाणं ए मायनरमध्ये आहे, आपल्या पेटीच्या भाषेत पांढरी सहा. शुबर्टच्या हस्तलिखितात मात्र ते बी मायनरमध्ये, म्हणजे पांढरी सात. १८२७ साली त्याने ते लिहिलं, आणि डिसेंबर १८२८ मध्ये दुसरा भाग छापून आला तेव्हा तो हयात नव्हता. १९ नोव्हेंबरला, वयाच्या एकतिसाव्या वर्षी तो गेला, आणि आजारपणात याच भागाची मुद्रितं तपासत होता. म्हणून ए की बी, हा प्रश्न मला नुसता गायकाच्या सोयीचा वाटत नाही. आमच्या आवाजाला दोन्ही उंच पडत होत्या. आम्ही जी मायनर घेतला, पांढरी पाच.

आता ज्या गोष्टीने महिनाभर झोप उडवली ती. डाव्या हातात पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच जोडी वाजते: षड्ज आणि पंचम. तीन-तीन मात्रांचे एकसष्ट मात्राखंड (बार), प्रत्येकात तीच. तानपुऱ्यावर वाढलेल्या कानाला ती पहिल्या क्षणी ओळखीची वाटते, आणि तिथेच मी फसलो. तानपुरा अखंड झंकारत राहतो, त्यात ठोका शोधावा लागत नाही. इथे जोडी दर तीन मात्रांनी नव्याने वाजते आणि मधल्या वेळात विरत जाते. शुबर्टला ऐकवायचंय ते हर्डी-गर्डी हे वाद्य. हँडल फिरवलं की चाक तारांना घासतं, आणि सुराच्या तारा मधमाशीसारख्या गुणगुणत राहतात. पहिल्या दोनच मात्राखंडांत पंचमाच्या आधी निसटता तीव्र मध्यम येतो. चाकाला वेग यायच्या आधी तार जरा खाली बोलते आणि मग सुरात येते, असं मला ते ऐकू येतं. एवढ्याशा स्वरात अख्खं वाद्य उभं राहतं!

शुबर्टची लयीची सूचना ‘थोडं संथ’ अशी आहे. त्यातला ‘थोडं’ हा शब्द मी सुरुवातीला वाचलाच नव्हता. गाण्यात एक म्हातारा बर्फावर अनवाणी उभा, थाळी रिकामी, कोणी ऐकत नाही, कुत्री गुरगुरतात, आणि तो वाजवतच राहतो. हे वाचल्यावर हात आपोआप विलंबितात गेला. पहिलं ध्वनिमुद्रण मिनिटाला ४६ मात्रांचं झालं, सगळं मिळून ४ मिनिटं ५ सेकंद. ऐकताना लक्षात आलं की म्हातारा कुठेच नाही, नुसतं आमचं दुःख ऐकू येतंय. दुसरं ६० वर केलं, ३ मिनिटं १० सेकंद. ते चाललं, पण गायकाला शब्द टेकवायला जागा उरली नाही.

उत्तर सापडलं ते एका क्लासमधल्या जुन्या उभ्या पियानोवर. आमचा घरचा डिजिटल पियानो सूर लांबवतो. ४६ वर एक मात्राखंड जवळपास चार सेकंदांचा होतो आणि तोही तो सांभाळून नेतो. जुन्या पियानोवर तेवढ्या वेळात पंचम विरून जायचा आणि मधे भोक पडायचं. ५४ वर आणलं, म्हणजे साधारण ३.३ सेकंदांचा मात्राखंड, आणि एक जोडी मावळायच्या आत दुसरी येऊ लागली. चाक फिरायला लागलं. माझं आता ठाम मत आहे की या गाण्याची लय भावावरून ठरवू नये, पंचमाचा दम किती टिकतो त्यावरून ठरवावी. भाव मागून येतो.

याच कानाने जुनी ध्वनिमुद्रणं पुन्हा ऐकली. गायक क्रिस्टोफ प्रेगार्डियन आणि वादक आंद्रेआस श्टायर यांच्या ध्वनिमुद्रणात फोर्टेपियानो, म्हणजे शुबर्टच्या काळातल्या घडणीचा पियानो, आहे. त्याचा सूर लवकर विरतो, म्हणून तिथल्या षड्ज-पंचमाचा कोरडेपणा मला फार खरा वाटतो. उलट गायक पेटर श्रायर आणि पियानोवादक स्व्यातोस्लाव रिश्टर यांचं १९८५ चं ड्रेस्डेनचं ध्वनिमुद्रण अतिशय संथ आहे, आणि रिश्टरच्या हातातला सूर ते पेलतो. गायक हान्स हॉटर आणि पियानोवादक जेराल्ड मूर यांचं १९५४ चं ध्वनिमुद्रण खालच्या पट्टीतल्या गायकांनी जरूर ऐकावं. पट्टी खाली गेली की तीच जोडी जाड, काळोखी होते आणि लय आहे त्याहून संथ भासते. आम्ही जी मायनरमध्ये ५४ ऐवजी ५६ धरली ती म्हणूनच.

एक गोष्ट सांगायलाच हवी. या कविता विल्हेल्म म्यूलरच्या. ऋग्वेद छापणारा, १८९८ मध्ये टिळकांच्या सुटकेसाठी केलेल्या अर्जावर सही करणारा मॅक्स म्यूलर हा त्याचा मुलगा. बाप गेला तेव्हा मुलगा चार वर्षांचाही नव्हता. हे कळल्यापासून गाणं मला परक्या घरचं वाटत नाही.

गायकीतली अडचण वेगळी. गाणं जवळजवळ पूर्णभर आवाज आणि वाद्य आळीपाळीने बोलतात. गायक थांबला की उजव्या हाताची धून येते. मावसभावाला प्रत्येक ओळ खुलवायची सवय, आणि इथे खुलवलं की म्हाताऱ्याचं वाद्य अडतं. त्याला सांगितलं, अंगणातून बातमी सांगतोस तसं म्हण. शेवटच्या कडव्यात गाणारा पहिल्यांदा म्हाताऱ्याशी बोलतो, तुझ्याबरोबर येऊ का विचारतो, आणि तिथे प्रथमच दोघं खऱ्या अर्थाने एकत्र येतात. तो क्षण राखून ठेवायचा तर आधीची सगळी कडवी सपाट हवीत. परवाच्या चौथ्या ध्वनिमुद्रणात त्याने हे केलं आणि माझे हात थरथरले.

राहिलेलं काम: अखेरीस पियानोचा आवाज एकदा फुगतो आणि ओसरतो, तिथे मी अजून लय ओढतोय. ते सुटलं की एका टेनर (वरच्या पट्टीच्या) मित्राला बोलावून बी मायनरमध्ये, ५४ वर, त्याच जुन्या पियानोवर पुन्हा घेणार आहोत.