वऱ्हाडातला र

बाबांनी दारव्ह्यात ट्रेडल, म्हणजे पायानं चालवायचं छपाईचं मशीन टाकलं, तेव्हा ‘वऱ्हाड’मधल्या कोयरीसारख्या र चा खिळा, म्हणजे शिशाचं अक्षर, वेगळ्या घरात असायचा. पेजमेकर हे पानं जुळवायचं सॉफ्टवेअर आल्यावर तो र काढायला आल्ट दाबून आकडे मारायचे. फॉन्ट बदलला की आकडेही बदलत, म्हणून मॉनिटरच्या कडेला कागद चिकटवलेला.

युनिकोडवर, म्हणजे कुठल्याही फॉन्टमध्ये अक्षराचा आकडा एकच राहतो त्या पद्धतीवर, गेलो आणि पहिल्याच लग्नसराईत घोळ झाला. दुकानातल्या पोट्ट्यानं र, हलन्त, ह असं दाबलं. रफार सरळ ह च्या डोक्यावर. प्रूफ मीच पाहिलं होतं. नवरीचे वडील पत्रिका घेऊन आले, “भाऊ, वऱ्हाडाच्या डोक्यावर हे काऊन बसवलं?” 300 पत्रिका पुन्हा छापल्या, कागद आमच्याच अंगावर.

इनस्क्रिप्ट कीबोर्डमध्ये शिफ्ट धरून जे दाबलं की नुक्त्याचा ऱ येतो. त्याला हलन्त आणि ह जोडला की झालं. साध्या र ला हलन्त, मग न दिसणारं जोडचिन्ह, असंही जमतं. छापून दोन्ही एकसारखे. पण फाइलमध्ये शोधलं की एक सापडतो, दुसरा नाही. आमच्याकडे नुक्त्याचाच चालतो.

मग एका विहाराच्या मंडळाचं काम आलं: पाली वंदना, देवनागरी आणि रोमन समोरासमोर. रोमनमध्ये ए वर आडवी रेघ, एम खाली टिंब. पूर्वी अशी टिंबं आम्ही बटर पेपरवर पेनानं दिली आहेत, एखादं राहायचंच. इंजिनीअरिंगला असलेल्या भाच्यानं झीलाटेक दाखवलं, खुणा टाइप करून पानं जुळवायचं सॉफ्टवेअर. उलटी तिरकी रेघ, डी, महिरपी कंसात एम, की खाली टिंब. डी च्या जागी बरोबरचं चिन्ह आणि कंसात ए, की वर रेघ. तयार अक्षर थेट टाकलं तरी चालतं. फक्त फॉन्टमध्ये ते अक्षर हवं, नाहीतर तिथे रिकामी चौकट. बाबा मागं उभे होते. म्हणाले, “हे तं खिळेच जुळवणं आहे बाप्पा.”

पहिल्या प्रिंटमध्ये ‘गच्छामि’ची वेलांटी म च्या आधी न येता नंतर पडली. फॉन्टस्पेकमध्ये, म्हणजे झीलाटेकला फॉन्ट सांगायच्या जोडणीत, लिपी देवनागरी, हे सांगायचंच राहिलं होतं. भाषा मराठी असंही लिहिलं, तेव्हा त्या फॉन्टमधले ल आणि श हिंदी वळणाचे होते ते आपले झाले. बाबांनी चष्मा लावून आधी ल च तपासला.

पेजमेकरचं जुनं मशीन अजून कोपऱ्यात आहे. दोन पतसंस्थांची पावतीपुस्तकं त्याच फाइलींत आहेत, आणि तो कागदही तिथंच चिकटलेला आहे.