लांबीखालची गाडी

पुण्यात प्रभात रस्त्यावरच्या एका जुन्या बंगल्यामागे, सिमेंटच्या पत्र्याच्या शेडमध्ये, ती गाडी तीस वर्षे उभी होती. तिच्यावर ताडपत्री, ताडपत्रीवर नारळाच्या झावळ्या आणि झावळ्यांवर एक मांजर. बंगला पुनर्विकासाला जायचा होता आणि मालकीणबाईंना, म्हणजे माझ्या आईच्या जुन्या मैत्रिणीला, शेड रिकामी करून द्यायची होती. मी भंगारवाल्याशी घासाघीस करून देण्यासाठी म्हणून गेलो आणि संध्याकाळी गाडीचा मालक होऊन परतलो. ज्याने सत्तेचाळीस वर्षांत स्कूटरचा प्लगसुद्धा स्वतः साफ केलेला नाही, त्याने हा व्यवहार का करावा, याचे पटेल असे उत्तर मला घरी अजून देता आलेले नाही.

गाडी म्हणजे ट्रायम्फ स्पिटफायर, मार्क ३, १९६८ सालची. दोन माणसांची, कापडी छताची, १२९६ सीसीची. या मालकीणबाईंच्या, म्हणजे काकूंच्या, यजमानांनी इंग्लंडमधली नोकरी संपवून परतताना ती बोटीने आणली होती. या गाडीच्या जन्माची एक हकीकत आहे आणि ती मला धीर देते. इटलीच्या जोव्हान्नी मिकेलोत्ती यांनी स्टँडर्ड-ट्रायम्फ कंपनीसाठी तिचा नमुना तयार केला, पण कंपनीकडे पैसे नव्हते. १९६१ साली लेलँडने कंपनी ताब्यात घेतली, तेव्हा कारखान्याची पाहणी करणाऱ्या अधिकाऱ्यांना एका कोपऱ्यात कापडाखाली झाकून ठेवलेला तो नमुना सापडला, त्यांनी तो उत्पादनाला घेतला आणि १९६२ साली गाडी बाजारात आली. म्हणजे ही जातच मुळी कापडाखाली पडून राहून पुढे निघालेली आहे. घरी मी हा युक्तिवाद करून पाहिला; तो चालला नाही.

सुरुवातीला माझी कल्पना साधी होती. गाडी १९६८ साली जशी होती, तशी करायची. लोहचुंबकाने ती कल्पना पहिल्याच आठवड्यात मोडली. जुन्या स्पीकरमधला चुंबक फडक्यात गुंडाळून पत्र्यावर फिरवला की जिथे लोखंड आहे तिथे तो चिकटतो आणि जिथे लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुटी, भरलेली आहे तिथे गळून पडतो. माझा चुंबक डाव्या दाराखाली जो गळाला, तो मागच्या चाकापर्यंत चिकटलाच नाही. खरवडू लागल्यावर वर लाल, त्याखाली निळा आणि सर्वांत खाली मूळचा गडद हिरवा रंग निघाला. त्यांच्या अधूनमधून दोन बोटे जाडीची लांबी होती. एका पोकळीत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून त्यावर लांबी थापली होती, तर दुसऱ्या ठिकाणी कोणा हिकमती माणसाने चक्क सिमेंट ओतले होते. पहिले काही दिवस मी या अज्ञात कारागिरांना मनसोक्त शिव्या दिल्या. पुढे त्यांच्याविषयी थोडा आदर वाटू लागला, कारण त्यांच्याजवळ ना सुटे भाग होते, ना पुस्तक. आणि गिऱ्हाईक मात्र सोमवारी गाडी मागत होते.

शिव्या आवरत्या घेण्याचे खरे कारण असे की लवकरच मी स्वतः त्यांच्यापेक्षा मोठी चूक केली. या गाडीच्या मधोमध पाठीच्या कण्यासारखी चेसिस असते. दोन्ही कडांचा भार मात्र दारांखालच्या पोकळ पत्र्याच्या पेटीवर येतो. मोटारीच्या भाषेत तिला सिल म्हणतात. ट्रायम्फच्याच हेरल्ड या थोरल्या बहिणीला सिल नुसत्या शोभेच्या, स्पिटफायरला मात्र त्या कमरेच्या हाडासारख्या आहेत. म्हणून सडलेली सिल कापण्यापूर्वी दाराच्या चौकटीत आडवी लोखंडी दांडी वेल्ड करून आधार द्यायचा असतो. मला हे ठाऊक नव्हते, आणि ज्या गॅरेजला काम दिले त्यांनाही नव्हते. त्यांनी सिल कापली, नवी बसवली, वेल्डिंग अगदी सुबक केले. आणि दार लावायला गेलो तर वरची कड चौकटीवर आपटून दार अर्ध्या बोटाने बाहेरच राहिले. गाडी मधोमध खचली होती. गॅरेजवाल्याने दाराची कड घासून देण्याची तयारी दाखवली. त्या क्षणी मला सिमेंट ओतणाऱ्या माणसाचे मन पुरते कळले. अखेर दुसऱ्या मिस्त्रींनी ते सगळे वेल्डिंग पुन्हा कापले, जॅक लावून गाडी सुतासुताने उचलली, आडवी दांडी ठोकली आणि मग सिल बसवली. यात पाच महिने गेले. आता दाराची फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे, आणि घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला मी ती दाखवतो. पाहुणे फट पाहतात आणि चहा कधी मिळणार, अशा नजरेने घराकडे पाहतात.

हे दुसरे मिस्त्री बहात्तर वर्षांचे आहेत आणि सात-सोळांश इंचाच्या पान्याला 'साडेतीन सूत' म्हणणारे बहुधा शेवटचे गृहस्थ आहेत. हेरल्ड ही त्यांची तारुण्यातली गाडी. मद्रासला १९६१ पासून स्टँडर्ड हेरल्ड तयार होत असे, आणि स्पिटफायर मुळात हेरल्डचीच चेसिस आखूड करून बेतलेली असल्यामुळे पुढच्या बाजूचे काही भाग एकमेकींना चालतात. म्हणून जवळजवळ वर्षभर माझे रविवार मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात गेले. तिथे पितळी समया, नळाच्या तोट्या आणि बिनतारांचे टेलिफोन यांच्या मधोमध कधीतरी हेरल्डचे एखादे हाड सापडते. विकणाऱ्याला ते कशाचे आहे हे माहीत नसते, पण मी ते उचलताच किंमत मात्र माहीत होते. इंजिनाच्या बाबतीत हा नातेसंबंध उपयोगी पडला नाही, कारण आपल्याकडची हेरल्ड ९४८ सीसीची. तिचे पिस्टन या इंजिनात बसत नाहीत. ते इंग्लंडहून मागवावे लागले, आणि त्यांची किंमत मी लिहिणार नाही, कारण हा लेख घरीही वाचला जाईल.

मिस्त्रींचा आणि माझा एकच वाद झाला. पुढच्या चाकाचा उभा दांडा खाली पितळी ठोकळ्यात आट्यांनी बसतो आणि स्टेअरिंग फिरवले की त्या आट्यांवरच फिरतो. त्या ठोकळ्याला ट्रुनियन म्हणतात. त्यात ग्रीस नव्हे, तर गिअर बॉक्सचे नव्वद नंबरचे तेल द्यायचे असते; कारण ग्रीस सुकते, पाणी आत शिरते, आटे गंजतात आणि एके दिवशी दांडा मोडून चाक आडवे होते. मी हे वाचून आलो होतो. मिस्त्री ग्रीस गन हातात घेऊन म्हणाले, "साहेब, पन्नास वर्षं ग्रीसच मारतोय." मी काही न बोलता गाडीचा जुना दांडा खोलून त्यांच्यापुढे ठेवला. आट्यांच्या जागी तांबडा भुगा होता. त्यांनी तो बोटाने चाचपला आणि तेलाचा डबा मागितला. पुस्तकी ज्ञानाचा माझा हा एकमेव विजय. बाकी सर्व सामने मिस्त्रींनी जिंकले आहेत.

त्यांतला सर्वांत सुंदर सामना कार्बोरेटरचा, म्हणजे पेट्रोलमध्ये हवा मिसळणाऱ्या भागाचा. या इंजिनाला एसयू बनावटीचे दोन कार्बोरेटर आहेत आणि दोघांनी हवा सारखी ओढली पाहिजे. मिस्त्री रबराच्या नळीचे एक टोक कानाला लावतात, दुसरे आळीपाळीने दोन्ही तोंडांशी धरतात आणि फुसफुस ऐकत स्क्रू पाव-पाव आटा फिरवतात. तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा लावताना गवई जसा मान कलती करून थांबतो, अगदी तसे. दोन्ही फुसफुशी एक झाल्या तेव्हा इंजिनाची थरथर अचानक बसली. मात्र ज्या नळ्यांमधून पेट्रोल येते त्या जुन्या रबराच्या, आणि हल्लीचे पेट्रोल इथेनॉल मिसळलेले. दोन महिन्यांत त्या फुगून मऊ पडल्या. त्या बदलाव्या लागल्या.

कायद्याचेही एक मौजेचे आहे. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी केंद्राने २०२१ साली नियम केले. त्यांनुसार व्हिंटेज म्हणून नोंदलेली गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही; प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे आणि दुरुस्ती यांसाठी आणता येते. माझी गाडी इंधन भरणे आणि दुरुस्ती यांखेरीज कुठे जातच नसल्यामुळे मी अत्यंत कायदापालक नागरिक आहे.

राहता राहिली गिअरची मूठ. मूळची काळी, प्लास्टिकची असते. माझ्या गाडीला जात्याच्या खुंट्यासारखी शिसवी लाकडाची होती. तीही कोणा मिस्त्रीची जोडाजोड असणार असे समजून मी अस्सल मूठ मागवून ठेवली. बसवण्यापूर्वी काकूंना गाडी दाखवावी म्हणून त्यांच्या भाड्याच्या घराखाली घेऊन गेलो. त्या एक्याऐंशी वर्षांच्या आहेत. मी शेजारचे दार उघडले तर त्या वळसा घालून स्टेअरिंगच्या बाजूला आल्या आणि बसल्या. डावा हात न पाहता मुठीवर गेला.

"पहिला टाकताना गाडी पूर्ण थांबू देतोस ना? नाहीतर कुरकुरते," त्या म्हणाल्या. या गाडीच्या पहिल्या गिअरला सिंक्रोमेश, म्हणजे गिअर न कुरकुरता बसवणारी रचना, नाही, हे मला पुस्तकातून कळायला महिना लागला होता.

"काका चालवायचे तेव्हाही…" मी सुरुवात केली.

"ते कुठले चालवतायत! त्यांना बसून पाठ धरायची. मी न्यायची कॉलेजात शिकवायला. एप्रिलमध्ये ती काळी मूठ अशी तापायची की हात लावायची सोय नाही. मग आमच्या सुताराकडून ही करून घेतली."

अस्सल मूठ इंग्लंडच्या खोक्यातच आहे. खोके कपाटात, पिस्टनच्या पावतीवर ठेवले आहे.